सरोवरावरील आगनौका आणि रेल्वेच्या वाघिणी

मालवाहतुकीत प्रत्यक्ष प्रवासापेक्षा मालाची चढउतार अनेकदा अधिक खर्चाची व वेळखाऊ ठरते. मराठवाड्यास याचा दीर्घ अनुभव आहे. मनमाड-काचीगुडा लोहमार्ग मीटरगेज होता तोवर मुंबईकडून ब्रॉडगेज वाघिणींतून आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागे. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि हा खोळंबा संपला. मात्र लोहमार्गाच्या वाटेत विशाल सरोवरच आडवे आले तर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाघिणी वाहून नेणाऱ्या नौका जन्मास आल्या.

रूळ बसविलेल्या नौका

अमेरिकेतील मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या दीडशे पटींहून अधिक आहे. त्यास वळसा घालणाऱ्या गाड्या शिकागोच्या गजबजलेल्या यार्डांत अडकून पडत. म्हणून १८९२ मध्ये ॲन आर्बर रेल्वेने भरलेल्या वाघिणी थेट नौकेवर चढवून सरोवरापार नेण्यास प्रारंभ केला. नौकेच्या तळमजल्यावर रूळ असत. धक्क्यावरील हलता पूल पाण्याच्या पातळीनुसार वरखाली करून ते किनाऱ्यावरील रुळांशी जोडले जात. हिवाळ्यात बर्फ फोडता यावे म्हणून नौकेची नाळ मजबूत बांधलेली असे.

रशियातील बैकल सरोवरावर १९०० पासून अशीच सेवा होती. काठच्या कड्यांतून लोहमार्ग पूर्ण होण्यापूर्वीच जपानशी युद्ध जुंपले, तेव्हा १९०४ च्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरच रूळ अंथरण्यात आले.

दोन अपघात, एक धडा

वाघिणी चढविण्यासाठी नौकेची मागील बाजू उघडी ठेवावी लागे, आणि हेच तिचे मर्मस्थान होते. सप्टेंबर १९१० मध्ये 'पेर मार्केट १८' ही नौका मिशिगन सरोवरात बुडाली. तथापि तिने बिनतारी संदेश पाठविल्याने दुसरी नौका धावून आली आणि तिसांहून अधिक जणांचे प्राण वाचले. २२ ऑक्टोबर १९२९ रोजी 'मिलवॉकी' वादळातच निघाली. लाटांनी तिचा मागील दरवाजा वाकला. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. एकही जण वाचला नाही.

पुढे ट्रक वाहतूक वाढली व या सेवा मागे पडल्या. १९५२ मध्ये बांधलेल्या 'बॅजर' नौकेवरून वाघिणींची ने-आण १९९० मध्ये थांबली. १९९२ पासून ती प्रवासी व मोटारी नेऊ लागली. भारतात ब्रह्मपुत्रेवर पांडू-अमिनगाव दरम्यान वाघिणी नौकेने जात. १९६२ मध्ये सराईघाट पूल पूर्ण झाल्यावर त्यांची गरज उरली नाही.

आपल्यासाठी बोध

आपल्या जलाशयांवरून रेल्वेच्या वाघिणी जात नाहीत, पण माणसे जातात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. धरणकाठच्या ग्रामपंचायतींनी बोटीची क्षमता ठळक लिहिलेली आहे, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट मिळते आणि वारा सुटताच फेरी थांबते, याची खातरजमा करावी. शिक्षकांनीही हे नियम विद्यार्थ्यांना समजावून द्यावेत. पूल होईपर्यंत नौका हाच मार्ग असेल, तर त्या मार्गाची शिस्त पाळणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.