नोटीस न देता नोकरी सोडू का?

प्रश्न : मी सुपा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. पुढच्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण होतील. चाकणची कंपनी ‘लगेच रुजू व्हा’ म्हणते. नोटीस न देता निघू का?
– एक वाचक, पारनेर

उत्तर : अजिबात नको. नेमणूकपत्रातली नोटिशीची मुदत बघा आणि राजीनामा लेखीच द्या, पोच घ्या. शेवटचा दिवस मात्र पाच वर्षं भरल्यानंतरचाच ठेवा, कारण ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षं भरल्यावरच मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर ग्रॅच्युइटी ७५,००० रुपये होते. एवढी घामाची कमाई महिन्याभराच्या घाईत घालवू नका! पीएफ काढू नका, नव्या कंपनीत वर्ग करा. हिशेबाच्या वह्या, चाव्या सुपूर्द केल्याची सही घ्या. चाकणवाल्यांकडे आजच मुदत मागा. गरजू कंपनी बहुतेक वेळा थांबते.