दुधाचे खाडे आणि लाल ठिपके

मुलगा आठ वर्षांचा होता तेव्हा ‘फार उलट बोलतो’ एवढीच माझी तक्रार असे. सासूबाई म्हणत, “याचा बापही असाच होता.” शाळेतून चिठ्ठी आली की मी फटके द्यायची आणि तो आणखी पेटायचा. दीड वर्ष यातच गेलं.

मग एकदा मामेबहिणीनं त्याला मोबाइल दिला नाही. तो गप्प बसला. चार दिवसांनी तिची चित्रकलेची वही त्यानं शांतपणे बादलीत बुडवली. रागाच्या भरात आदळआपट सगळीच मुलं करतात; हा राग मात्र त्यानं सांभाळून ठेवला होता. मी घाबरले ती तेव्हा.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, “कोणाकोणाशी? आठवड्यातून किती वेळा? कधीपासून?” मला एकाचंही उत्तर देता येईना. तुम्ही जाल तेव्हा हे लिहून न्या. आमच्या दारामागच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. त्याच चौकोनांत मी लाल ठिपके देऊ लागले.

अशा सततच्या विरोधाला ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ म्हणायचं ते एका भांडणावरून नव्हे. चटकन भडकणं, लगेच दुखावणं, सतत चिडलेलं असणं, मोठ्यांशी वाद, नियम धुडकावणं, मुद्दाम डिवचणं, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणं आणि डूख धरणं, या आठांपैकी निदान चार गोष्टी सहा महिने तरी दिसाव्या लागतात. नुसती भावंडांशी भांडणं यात धरत नाहीत.

आमचे बहुतेक ठिपके संध्याकाळी, अभ्यासाच्या वेळचे निघाले. त्याचं लक्षच टिकत नव्हतं. फळ्यावरचं उतरवायचं राहिलं की ओरडा, ओरड्याला उत्तर, उत्तराला शिक्षा! तपासणीत एडीएचडीही (अवधान-कमतरता आणि अतिचंचलता) निघाला.

अशा मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र मुंबईत १९३७ सालीच सुरू झालं होतं, आताच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं. ती संस्था आमच्या चेंबूरहून रिक्षानं जाता येईल इतकी जवळ, देवनारला. आणि मी घरात बसून दृष्ट काढत होते. कुठे जावं सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

उपचारात शिकायचं होतं ते जास्त आम्हालाच. एका वेळी एकच सूचना, ऐकलं की लगेच कौतुक, शिक्षा छोटी आणि आधीच ठरलेली. फटके बंद. सासूबाईंना पटवायलाच सर्वांत जास्त वेळ लागला.

परवा त्यानं विचारलं, “आई, आज ठिपका आहे?”

“नाही.”

“मग कालचापण खोड ना. काल माझी चूक नव्हतीच.”

अर्धा तास वाद घातला.