पहिला पाऊस, दिव्यावरचे भुंगेरे आणि उसातली हुमणी



वळवाचा एखादा दणदणीत पाऊस होतो, जमीन चांगली भिजते, आणि लगेच एक-दोन दिवसांत दिवेलागणीला ओसरीवरच्या दिव्याभोवती तांबूस-तपकिरी भुंगेरे घिरट्या घालू लागतात. भिंतीवर आपटतात, टपकन खाली पडतात, उताणे होऊन पाय हलवत राहतात. ताटात पडतात म्हणून घरची बाई दिवा मालवते, पोरं त्यांच्या पायाला दोरा बांधून खेळतात, आणि सकाळी केरसुणीने सगळे गोळा करून उकिरड्यावर टाकले जातात. पुढे भाद्रपदात उसाची बेटे पिवळी पडू लागली की याच घरचा सभासद शेतकी ऑफिसात येतो आणि विचारतो, "साहेब, हुमणी लागली, औषध काय टाकू?"

ओसरीवरचा भुंगेरा आणि उसाच्या बुडातली अळी हा एकच किडा आहे, हे ऐकून माहीत असणारे पुष्कळ आहेत. पण त्याप्रमाणे वागणारे थोडे. म्हणून हा लेख पावसाच्या आधीच्या अंकात देत आहोत.

दिव्यावर येणारा प्रत्येक किडा हुमणीचा नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. पातळ लांब पंखांचे, आल्याबरोबर पंख गाळून टाकणारे ते वाळवीचे. काळा, गोल, शेणात राहणारा तो शेणकिडा. तो तर आपला उपकारकर्ताच. मोठा काळा, डोक्यावर शिंग असलेला तो गेंड्या भुंगा, नारळाचा शत्रू. हुमणीचा भुंगेरा यापेक्षा वेगळा : बोटाच्या पेराएवढा, कडक पाठीचा, विटकरी किंवा गडद तपकिरी. तो माणसाला चावत नाही, विषारी नाही, धान्याला लागत नाही. घरात त्याचा उपद्रव म्हणावा तर तेवढ्या आवाजाचा आणि घाणीचा. त्यामुळेच त्याच्याकडे कोणी शत्रू म्हणून बघत नाही.

आता त्याचे वर्ष कसे जाते ते बघा. माळाच्या आणि हलक्या-मध्यम रानात जी हुमणी आपल्याकडे दिसते, तिची वर्षाला एकच पिढी होते. उन्हाळाभर भुंगेरा जमिनीत निपचित पडून असतो. मे-जूनचा पाऊस मुरला की संध्याकाळी, अंधार पडता पडता, साधारण सव्वासात ते पावणेआठच्या सुमारास तो बाहेर निघतो आणि जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतो. तिथे नर-मादीचे मीलन होते, रात्रभर पाला खाणे चालते आणि उजाडायच्या आत तो पुन्हा जमिनीत शिरतो. मादी ओल्या मातीत तीन-चार इंच खोल एकेक करून अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अंड्यातून अळी निघते. सुरुवातीला ती कुजलेला पाला आणि बारीक तंतुमुळ्या खाते, तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. श्रावणापासून ती मोठी होते आणि उसाची मुळे कुरतडू लागते. पाने पिवळी, मग बेट वाळलेले, आणि हाताने ओढले तर सगळा ठोंब उपटून हातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती खोल जाऊन कोष करते, कोषातून भुंगेरा होतो आणि पुढच्या पावसाची वाट बघत तिथेच राहतो.

म्हणजे बारा महिन्यांत हा किडा आपल्या डोळ्यांसमोर, हाताच्या टप्प्यात, उघड्यावर येतो तो फक्त पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि तोही रात्री. बाकी सगळे दिवस तो मातीआड आहे. औषधाचे पैसे आपण खर्च करतो ते नेमके मातीआडच्या दिवसांत.

थोडा हिशेब करू. एका मोठ्या कडुनिंबावरून एका रात्री २०० भुंगेरे झटकून पाडले असे समजा. त्यात निम्म्या, म्हणजे १०० माद्या. एका मादीची सरासरी ६० अंडी धरली तर ६,००० अंडी झाली. चार फुटी सरी आणि दोन फुटांवर एक बेट या हिशेबाने एकरात सुमारे ५,४०० बेटे बसतात. सगळी अंडी काही जगत नाहीत, मुंग्या आणि पाणी निम्मी-अर्धी खातात हे मान्य. तरीसुद्धा एका झाडाची एका रात्रीची वेचणी म्हणजे एकरभर उसाच्या मुळांचे संरक्षण, असे म्हणायला हरकत नाही. आणि त्याला खर्च किती? एक बादली, एक आकडी, दोन माणसांचे दोन तास.

वेचण्याची रीत सोपी आहे. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी लुगडी अंथरायची, लांब काठीच्या आकडीने फांद्या जोरात हलवायच्या. भुंगेरे पटापट खाली पडतात. ते गोळा करून बादलीत टाकायचे. पूर्वी बादलीत रॉकेलमिश्रित पाणी घ्या असे सांगत. रॉकेल आता सहज मिळत नाही. कपडे धुण्याची पावडर दाट कालवलेले पाणीही चालते. भुंगेरा त्यात बुडतो, वर येऊन उडत नाही. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्रीपासून निदान आठ दिवस रोज, आणि मध्ये उघडीप पडून पुन्हा मोठा पाऊस झाला तर परत चार दिवस. सगळे भुंगेरे एकदम निघत नाहीत, पावसाच्या टप्प्यांप्रमाणे निघतात.

यात खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती स्पष्ट लिहायला हवी. "माझ्या बांधावर झाडच नाही", "माझ्या रानात हुमणी नाही", "पलीकडचा करत नाही तर मी का करू", अशी उत्तरे आम्हांला गावोगाव मिळतात. भुंगेऱ्याला सात-बारा वाचता येत नाही. झाड एकाच्या बांधावर, अंडी दुसऱ्याच्या अडसालीत, अशी त्याची वाटणी असते. एका वस्तीने वेचले आणि शेजारच्या वस्तीने दिवे मालवून झोप काढली तर वेचणाऱ्याचे श्रम अर्धे पाण्यात जातात. हे काम पाणीपुरवठा संस्थेच्या पाटासारखे आहे, सगळ्यांनी मिळून केले तरच चालते. शिवारातली कडुनिंबाची, बाभळीची झाडे पाऊस पडण्याआधीच मोजून वाटून घ्यावीत, तरुण मंडळांनी पुढाकार घ्यावा. आणि एका वर्षात हुमणी संपेल अशी आशा धरू नये. सलग तीन-चार वर्षे मोहीम चालवली तर फरक नक्की दिसतो.

काही सभासद रागाने बांधावरचा कडुनिंबच तोडायला निघतात. हे करू नका. झाड तोडले म्हणून भुंगेरा उपाशी मरत नाही, तो पुढच्या झाडावर जातो. उलट झाड असल्यामुळे तो एका जागी सापडतो, हा आपला फायदा. झाडावर औषध फवारायचा मोहही पुष्कळांना होतो. पण वस्तीजवळच्या, विहिरीवरच्या झाडांवर ते टाळावे, आणि बाभळीचा पाला शेळ्यांना घालणाऱ्यांनी तर अजिबात करू नये. शेळीला कोण सांगणार फवारणीची तारीख?

आता घरातले बघू. त्या दोन-तीन आठवड्यांत ओसरीचा दिवा मालवण्याऐवजी त्याचाच सापळा करा. दिव्याच्या बरोबर खाली साबणाच्या पाण्याची पसरट घमेली किंवा पाटी ठेवा; दिव्यावर आपटून भुंगेरे त्यात पडतील. घरातल्या खोलीचे दिवे मात्र तासभर बंद ठेवा किंवा खिडकीला जाळी लावा, म्हणजे ते आत येणार नाहीत. दहानंतर सापळ्याचा दिवा बंद करावा. रात्रभर ठेवला तर उपयोगी किडेही विनाकारण मरतात. सकाळी जमिनीवर पडलेले भुंगेरे झाडून उकिरड्यावर टाकू नका. त्यातले बरेचसे जिवंत असतात. तुम्ही त्यांना मऊ माती आयती नेऊन देता. तेही घमेल्यातच टाका. रानात वीज नसेल तर सौर दिव्याचे सापळे बाजारात मिळतात, हेक्टरी एक पुरतो.

शाळेचे मैदान, देवळापुढची बाग, कॉलनीतली हिरवळ याही जागा विसरू नयेत. अळीला ऊसच लागतो असे नाही, हरळीच्या मुळ्याही ती आवडीने खाते. पावसाळा संपता संपता हिरवळीवर पिवळे गोल चट्टे दिसले, तिथले गवत सतरंजीसारखे गुंडाळून उचलता आले, किंवा कावळे-साळुंक्या एकाच जागी माती उकरताना दिसल्या, तर तिथे चार बोटे खोल खणून पाहावे. हिरवळीत ती सांभाळली तर पुढच्या जूनला तिथूनच उडून आपल्या उसात येणार.

शेणखताबद्दल थोडे. उकिरड्यातल्या पांढऱ्या अळ्या पाहून पुष्कळ जण घाबरतात. त्यातल्या बऱ्याच अळ्या गेंड्या भुंग्याच्या किंवा दुसऱ्या भुंग्यांच्या असतात. एक साधी परीक्षा सांगतो : अळी सपाट जागेवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरकत चालू लागली तर ती हुमणी नव्हे, खत कुजवणारी निरुपद्रवी अळी आहे. तरी पण शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, कच्चे नको. ताज्या खताच्या ओलीत भुंगेरा अंडी घालायला येतो.

ऊस तुटून गेल्यावर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करा. कोष आणि निजलेले भुंगेरे वर येतात, उन्हाने मरतात, बगळे-कावळे-साळुंक्या बाकीचे टिपतात. पण हल्ली ट्रॅक्टरवाले सोयीसाठी रात्री दिवे लावून नांगरतात. रात्री पक्षी कुठून येणार? भाडे तेवढेच द्यायचे आहे तर नांगरट सकाळी करून घ्या.

औषधांविषयी आम्ही मुद्दाम शेवटी लिहीत आहोत. जुन्या सभासदांच्या तोंडी अजून बीएचसी पावडरचे नाव येते. ती १९९७ पासून बंद आहे. फोरेट म्हणजे थिमेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नये, कोणाला उसना देऊ नये. आज शिफारस असलेली औषधेसुद्धा लहान अळीवरच नीट चालतात, म्हणजे जून अखेर ते जुलैपर्यंत. सप्टेंबरातली जाड अळी औषधाला सहजासहजी दाद देत नाही. तेव्हा केलेला खर्च बहुतेक दुकानदाराच्या फायद्याचा. मेटारायझियम ही हुमणीला रोगी करणारी बुरशी आहे. ती कुजलेल्या शेणखतात मिसळून लागणीच्या वेळी किंवा भरणीला, ओल असताना सरीत द्यावी. ती जिवंत असते, म्हणून उन्हात ठेवू नये आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर देऊ नये. तिचा परिणाम हळू दिसतो, आठ दिवसांत निकाल मागू नका.

एवढे करूनही बेटे वाळली तर वाळलेले बेट उपटून नुसते बांधावर फेकू नका. बुडाची माती फूटभर खणून अळ्या वेचा आणि मारा, शेजारचे हिरवे बेटही तपासा, कारण अळी तिकडे सरकलेली असते. उसात भुईमूग किंवा तागाचे आंतरपीक असेल तर त्यातली कोमेजलेली झाडे आधी उकरावीत, अळी तिथे लवकर सापडते. अशा रानात खोडवा ठेवू नये. लागणीचा खर्च वाचतो म्हणून खोडवा धरणारे पुढे टनेज हाती आल्यावर सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे म्हणून आमच्याकडेच येतात.

कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठच्या मळीच्या रानात हुमणीची दुसरी जात आढळते आणि तिची वागणूक माळावरच्या जातीपेक्षा वेगळी आहे. नदीकाठच्या सभासदांनी अळ्या व भुंगेरे बाटलीत घालून, चिठ्ठीवर गावाचे नाव, गट नंबर आणि सापडल्याची तारीख लिहून गट ऑफिसात द्यावेत.