उजव्या सोंडेचा गणपती आणि कारखान्यातील नळी

प्रथम एक पट्टी तयार करा. ट्रेसिंगचा पातळ कागद घेऊन त्याची ३ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब पट्टी कापा. एक टोक अर्धा फेरा उलटे करा आणि मग दोन्ही टोके चिकटवा. हिला मोबियसची पट्टी म्हणतात. मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८५८ साली तिचा अभ्यास केला.

आता पट्टीवर शाईने एक छोटा गणपती काढा. चित्रकला बेताची असली तरी चालेल. डोके आणि एका बाजूला वळलेली सोंड एवढे पुरे. दोन बोटे पुढे सरकून त्याच पृष्ठावर तसाच दुसरा काढा, मग तिसरा. कडा ओलांडू नका. एक फेरा संपला की तुम्ही पहिल्या चित्राच्या पाठीमागे येऊन पोहोचाल. तेथे शेवटचा गणपती जरा बाजूला काढा आणि पट्टी उजेडाकडे धरा. कागदातून तो खाली डोके, वर पाय असा दिसेल. पट्टी फिरवून त्याला सरळ करा. सोंड दुसऱ्या बाजूला गेलेली आहे! आपण तर प्रत्येक वेळी सोंड एकाच बाजूला काढली होती. (मूर्तीची डावी-उजवी बाजू ही मूर्तीची स्वतःची असते, पाहणाऱ्याची नव्हे, हे येथे विसरू नका.)

डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा पाया हाच. डाव्या सोंडेची मूर्ती अवकाशातील अशाच पिळातून जाते आणि उजव्या सोंडेची होऊन येते. माणूसही तसाच उलटा होतो. नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. जन्म १९३८ चा. केंब्रिजला त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनेवर संशोधन केले आणि १९७२ साली भारतात परतून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचा! परीक्षकांनी लेखक कोण हे न कळताच पहिले बक्षीस दिले. पुण्याची ‘आयुका’ त्यांनी उभी केली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कथेतील शास्त्र तपासू. पुठ्ठ्यातून डाव्या पावलाचा आकार कापा. तो टेबलावर कितीही फिरवला तरी उजवा होणार नाही. पण उचलून पालथा घातला की झाला उजवा. सपाट वस्तूला उलटण्यासाठी तिसरी मिती लागली. पायातली अंगठ्याची चप्पल मात्र पालथी घालून उजव्या पायाची होत नाही. तिला चौथी मिती हवी, किंवा सारे अवकाशच मोबियसच्या पट्टीसारखे पिळलेले हवे. तसे अवकाश कोणाला सापडलेले नाही. तेवढी सवलत लेखकाने घेतली. पुढचे सारे मात्र आपल्या घराजवळ तपासता येते.

सातारा-सांगलीकडच्या मुलांना साखर कारखाना नवा नाही. रेठऱ्याचा असो की सांगलीचा, प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस निवळून २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरतात आणि तिच्यातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडतात. बाहेर पडेपर्यंत ते प्रतल उजवीकडे वळलेले असते. का? साखरेचा रेणू चपलेसारखा आहे. त्याचे आरशातील प्रतिबिंब त्याच्यावर तंतोतंत बसत नाही. निसर्ग साखरेची एकच ‘चप्पल’ बनवतो, म्हणून सर्व रेणू प्रकाश एकाच दिशेला वळवतात.

किती वळवतात? साखरेचे विशिष्ट वलन ६६.५ अंश आहे. त्याला नळीच्या डेसिमीटरमधील लांबीने आणि दर मिलिलिटरमधील साखरेच्या ग्रॅमने गुणा. १०० मिलिलिटरमध्ये २६ ग्रॅम साखर असेल तर ६६.५ × २ × ०.२६, म्हणजे सुमारे ३४.६ अंश. यावरूनच रसाचा ‘पोल’ ठरतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. फ्रुक्टोज प्रकाश जोराने डावीकडे वळवते, त्यामुळे वाचन घसरते. स्फटिक होणारी साखरही घटलेली असते आणि उतारा कमी पडतो. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे, तेव्हा हा कोन शेवटी शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो.

ही डावी-उजवी भानगड प्रथम उकलली ती द्राक्षांमुळे. तासगावच्या द्राक्षांत जे टार्टारिक आम्ल असते त्याच्या एका क्षाराचे स्फटिक १८४८ साली लुई पाश्चर भिंगाखाली पाहत होता. स्फटिक दोन प्रकारचे होते, एकमेकांची प्रतिबिंबे. त्याने ते चिमट्याने एकेक करून निवडले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे तितकाच डावीकडे.

आता कथेतल्या उलट्या माणसाला जेवायला बसवा. त्याची पाचकद्रव्येही उलटी. कुलपाची किल्ली उलटी झाली की कुलूप उघडेल कसे? आपली भाकरी आणि डाळ पोटात जाऊनही त्याच्या अंगी लागणार नाही. उलटे ग्लुकोज प्रयोगशाळेत बनवलेले आहे. ते आपल्याला गोड लागते, पण पचत नाही.

उलटा माणूस उपाशी मरेल. पण उलटा जीवाणू? येथे कथा आपल्या काळात येते. २०१६ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी उलट्या डीएनएची नक्कल करणारे उलटे विकर बनवले. असे उलटे रेणू शरीरात लवकर मोडत नाहीत, म्हणून औषधांसाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल. यात गैर काही नाही. परंतु सबंध उलटा जीवाणू बनवू नये, असा इशारा डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दिला. ग्लिसरॉलसारखे, उलटे-सुलटे असा भेदच नसलेले अन्न त्याला चालेल. म्हणजे तो उपाशी मरणार नाही. उलट त्याला खाणारे विषाणू आणि त्याला ओळखणारी आपली प्रतिकारशक्ती, दोन्ही सुलट्या कुलपांसाठी घडलेल्या. असा जीवाणू बनवायला अजून निदान दहा वर्षे लागतील, असा त्यांचाच अंदाज आहे. माझ्या मते विज्ञानात असा इशारा इतका आधी मिळणे दुर्मीळच.

आता तुमच्यासाठी दोन उदाहरणे. २०० मिलिमीटरच्या नळीत साखरेच्या द्रावणाने प्रकाश १९.९५ अंश वळवला, तर १०० मिलिलिटरमध्ये साखर किती? (उत्तर : १५ ग्रॅम.) आणि त्याच नळीत आरशातील साखर तेवढीच विरघळवली, तर वाचन किती येईल? चव घेऊन फरक सांगता येईल का, याचाही विचार करा.