लेकरांसाठी छाप्याचे अंगण

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आपण घरी काय करतो? दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावले काढतो. ज्या बाईचा हात बसलेला असतो, ती चिमटीने काढते. जिचा हात बसलेला नसतो, ती बाजारातून छापा आणते. छाप्यावर रांगोळी टाकली, वरून हात फिरवला, छापा उचलला, की झाले पाऊल तयार!

हाच छापा लेकरांच्या खेळासाठी वापरता येतो. कसा, ते आपण पाहू.

लेकरांनी खेळायचे कुठे?

रिसोडच्या आसपासचे कोणतेही गाव घ्या. लेकरं रस्त्यावर खेळतात. त्याच रस्त्याने ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल जाते. "रस्त्यावर जाऊ नको," असे आपण दहादा सांगतो. मग जायचे कुठे, ते मात्र सांगत नाही. नुसते रागावून लेकरू थांबत नाही. त्याला त्याची जागा दाखवून द्यावी लागते.

ताराबाई मोडक यांनी ही गोष्ट ओळखली होती. 1945 साली त्यांनी बोर्डी या गावी खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची लेकरं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते, म्हणून ती अंगणवाडी. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारने देशात अंगणवाड्यांची योजना सुरू केली. आज त्या गावोगावी आहेत. म्हणजे शाळेला आधी इमारत लागते असे नाही. स्वच्छ अंगण असले तरी शिकणे सुरू होते.

छापा कसा करावा?

किराणा दुकानातून जाड पुठ्ठा मागून आणा. त्यावर एक वीत उंचीचा आकडा पेन्सिलीने काढा. रेघ दोन बोटे रुंद ठेवा. मग धारदार पात्याने आकडा कापून घ्या. पाते लेकरांच्या हाती देऊ नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शून्य कापले, की मधला गोल तुकडा गळून पडतो. मग छाप्यातून शून्य उमटत नाही, नुसता गोळा उमटतो. म्हणून दोन ठिकाणी बोटभर पट्टी न कापता राखावी. १ आणि ४ यांच्या गाठीलाही हेच करावे.

पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी जवसाचे तेल चोळा आणि चांगला वाळू द्या. मग ओल्या रंगाने तो लवकर फुगत नाही.

अंगणात कसे छापावे?

रहदारीपासून दूर, सपाट जागा निवडा. काच, खिळे, खडे वेचून टाका. दोन-दोन वीत लांबीरुंदीची आठ घरे आखा. प्रत्येक घरात छाप्याने एक आकडा उमटवा, १ पासून ८ पर्यंत.

सारवलेल्या अंगणात रांगोळी पुरे. सिमेंटवर चुना किंवा गेरू घ्या. त्यात थोडे डिंकाचे पाणी घाला. रंग दाट ठेवा. कुंचला उभा धरून टेकवत जा, फासू नका. फासला तर रंग छाप्याखाली शिरतो आणि आकडा फिसकटतो.

जपून! कळीचा चुना घेऊ नका. तो पाण्यात पडला की उकळतो आणि भाजतो. पूर्ण विरलेलाच चुना घ्या. हे काम मोठ्यांनी करावे. रंग वाळल्याशिवाय लेकरांना तिथे सोडू नका. चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि दवाखान्यात जा.

खेळातून काय मिळते?

लेकरू ठिकरी टाकते. ठिकरीचे घर सोडून लंगडी घालत पुढे जाते. तोंडाने आकडे म्हणते. पायात बळ येते, तोल सांभाळता येतो, मोजणी तोंडात बसते. पाच पैशांचा खर्च नाही, पण शिकणे होते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पोरीलाही खेळू द्या. तेवढा वेळ बाळाला आपण घ्यावे.

पावसाने आकडे पुसले तर वाईट वाटून घेऊ नका. छापा घरातच आहे. पुढच्या वेळी आकड्यांच्या जागी अक्षरे छापा. जे अक्षर आपण या वर्गात आज शिकलो, तेच उद्या आपल्या अंगणात उमटेल. आपले लेकरू त्यावर उडी मारील आणि विचारील, "आई, हे काय लिहिलंय?" आणि तुम्हाला ते सांगता येईल.

अभ्यास

1. शून्याच्या छाप्यात पट्टी का राखावी?
2. कोणता चुना घेऊ नये? का?
3. आपल्या गावात लेकरांच्या खेळासाठी कोणती जागा चांगली आहे? तिचे नाव पाटीवर लिहा.