तेल-इंजिनातील काजळी : बाटलीतील औषध कोठवर उपयोगी?

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी एकच होते आणि धानाच्या शेतीपुरते ते आजही एकच आहेत. नागभीड, सिंदेवाही, सावलीपासून आरमोरी, कुरखेडा, चामोर्शीपर्यंतचा हा मुलूख झाडीचा, तलावांचा व बांध्यांचा आहे. येथे पाऊस पुष्कळ पडतो. परंतु तो नेहमी हव्या त्या वेळी पडतोच असे नाही. पोटरीतील धान निसवण्याच्या सुमारास, उत्तरा व हस्त या नक्षत्रांत पावसाने ताण दिला तर बांधीला भेगा पडतात आणि हाती आलेले पीक पोचट होते. अशा वेळी बोडी, नाला किंवा नदीतील पाणी उचलून देणे हाच एक मार्ग उरतो. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही, किंवा पोहोचूनही ऐन वेळी वीज मिळत नाही, तेथे हे काम डिझेलवर चालणाऱ्या तेल-इंजिनाला करावे लागते.

नेमक्या त्याच दिवशी इंजिन काळा धूर ओकते, दम धरीत नाही व पाणी ओढीत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मिस्त्री म्हणतो, “आत कार्बन धरला आहे.” दुकानदार एक बाटली पुढे करतो व सांगतो, “ही डिझेलात घाला, आतील सर्व काजळी धुऊन निघेल.” ही बाटली घ्यावी की नाही, घेतल्यास तिच्याकडून किती अपेक्षा करावी आणि त्याआधी काय पाहावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

काजळी का जमते?

चुलीत वाळलेले लाकूड घातले व वारा चांगला लागला की जाळ स्वच्छ असतो. तेच लाकूड ओले असले किंवा चुलीचे तोंड बुजलेले असले की धूर होतो व भांड्याच्या बुडाला काजळी धरते. इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा अतिशय तापते आणि तिच्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडताच तो पेट घेतो. हवा पुरेशी, फवारा बारीक व उष्णता योग्य असेल तर डिझेल जवळजवळ पूर्ण जळते. यांपैकी एकही गोष्ट बिघडली की अर्धवट जळलेले डिझेल काजळीच्या रूपाने मागे राहते. त्यात जळलेल्या वंगणाची भर पडते व उष्णतेने त्याचे कठीण कीट बनते.

हे कीट मुख्यतः पाच ठिकाणी धरते : नोझलच्या टोकावर, पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत, व्हॉल्व्हवर आणि धूर बाहेर नेणाऱ्या वाटेत, म्हणजे सायलेन्सरमध्ये. नोझलवर कीट धरले की फवारा बिघडतो आणि बिघडलेल्या फवाऱ्याने आणखी काजळी होते. रिंगा खाचांत चिकटल्या की दाब निसटतो, वंगण वर चढून जळते व पुन्हा कीट वाढते. म्हणून काजळी हा मूळ रोग नव्हे. ते रोगाचे लक्षण होय. मात्र लक्षणाकडे दुर्लक्ष केले तर तेच पुढे रोगाचे कारण बनते.

धुराचा रंग ओळखावा

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असणे, नोझल गळणे किंवा इंजिनावर त्याच्या शक्तीबाहेर भार असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. रिंगा चिकटल्या किंवा झिजल्या असाव्यात, अथवा लायनर झिजला असावा. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ येतो. तो पुढेही टिकला तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा आत पाणी शिरत आहे असे समजावे. दुकानात जाण्यापूर्वी हा रंग नीट पाहून ठेवावा. निळ्या धुरावर डिझेलात घालावयाच्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

औषध कोठवर पोहोचते?

सफाईचे औषध जेथून वाहते तेथेच धुते, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे फसगत होणार नाही.

मोटारगाडीचे उदाहरण घेऊ. पेट्रोलच्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचा फवारा हवेच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडतो. त्या पेट्रोलात पॉलिईथर अमाईनसारखे चांगले सफाईचे द्रव्य असेल तर ते फवारणीचे यंत्र व हवेचा व्हॉल्व्ह या दोहोंवरील कीट हळूहळू सैल करते. परंतु काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तेथे हवेच्या व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. मग टाकीत कितीही औषध घातले तरी तो व्हॉल्व्ह धुतला जाणार नाही.

डिझेल इंजिनात इंधन नेहमीच थेट आत पडते. म्हणून डिझेलात घातलेले औषध मुख्यतः नोझलच्या छिद्रांतील व टोकावरील कीट कमी करू शकते. फवारा सुधारल्यामुळे पुढे नवी काजळी कमी होते, हा त्याचा खरा फायदा. हवेच्या व्हॉल्व्हवरील, घट्ट चिकटलेल्या रिंगांखालील किंवा सायलेन्सरमधील जुने कीट त्याने निघेल अशी आशा धरू नये. रिंगांची स्वच्छता मुख्यतः वंगणावर अवलंबून असते. चांगल्या वंगणातच सफाईची द्रव्ये मिसळलेली असतात. ती काजळी धरून ठेवतात व म्हणूनच वंगण काळे होते. वंगण काळे झाले याचा अर्थ ते काम करीत आहे. परंतु त्याची धारणाशक्ती संपण्यापूर्वी, पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार, ते बदललेच पाहिजे.

प्रथम कारण शोधावे

औषधावर पैसा खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. यांपैकी बहुतेकींना काहीच खर्च येत नाही.

१. एअर फिल्टर. मळणीच्या दिवसांत धानाचा कोंडा व धूळ यांनी तो लवकर तुंबतो. तेलाचा वाडगा असलेल्या फिल्टरमधील गाळ काढून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर तेल भरल्यास ते इंजिनात ओढले जाते.

२. धुराची वाट. इंजिन महिनोन्‌महिने पडून राहते तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते, उंदीर पालापाचोळा भरतात. इंजिन ठेवून देताना हे तोंड झाकावे व सुरू करण्यापूर्वी न विसरता उघडावे.

३. डिझेल. गेल्या हंगामातील डिझेल टाकीत ठेवू नये. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढावे, डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलावा. डिझेलात रॉकेल मिसळू नये. त्याने डिझेलचे वंगणाचे गुण कमी होतात व पंप आणि नोझल झिजतात.

४. भार. मोठ्या इंजिनाला लहान पंप जोडून ते तासन्‌तास हलक्या भारावर चालविले तर इंजिन नीट तापत नाही व काजळी धरते. डिझेल वाचेल या समजुतीने वेग फार कमी ठेवण्याचाही हाच परिणाम होतो.

५. थंडावा. ज्या इंजिनात पंपाचे पाणी फिरवून थंडावा दिला जातो, तेथे पाणी वाजवीपेक्षा जास्त सोडल्यास इंजिन सदैव थंड राहते. पाण्याचा कॉक असा ठेवावा की बाहेर पडणारे पाणी चांगले गरम असेल. ते गारच येत असेल तर काजळीचे एक कारण सापडले असे समजावे.

औषध वापरावयाचे झाल्यास

वरील कारणे दूर केल्यावरही काळा धूर थोडा राहिला व नोझलवर कीट असल्याचा संशय असेल तर औषध वापरून पाहण्यास हरकत नाही. बाटलीवर “डिझेल इंजिनाकरिता” असे स्पष्ट छापलेले असावे. पेट्रोलच्या गाडीचे औषध डिझेलात घालू नये. मात्रा बाटलीवर लिहिली असेल तितकीच घ्यावी. दुप्पट मात्रेने दुप्पट सफाई होत नाही. आधी औषध टाकीत ओतून मग डिझेल भरावे, म्हणजे ते चांगले मिसळते. नंतर इंजिन योग्य भारावर चालवावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत व अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत काजळी गाळणारी जाळी बसविलेली असते. अशा ट्रॅक्टरात कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याखेरीज कोणतेही औषध घालू नये.

गुण आला की नाही हे मापाने ठरवावे. औषधापूर्वी व नंतर, तोच पंप, तीच पाण्याची पातळी व तोच वेग ठेवून, २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते आणि अर्धा लिटर डिझेल किती मिनिटे पुरते ते लिहून ठेवावे. समजा, अर्धा लिटर पूर्वी ३० मिनिटे पुरत होते व आता २४ मिनिटांत संपते. म्हणजे ताशी एक लिटरऐवजी सव्वा लिटर लागते. शंभर तासांत २५ लिटर डिझेल वाया गेले. औषधाची बाटली किंवा मिस्त्रीची मजुरी या आकड्याशी ताडून पाहावी. औषधाने मापात फरक पडला नाही तर दुसरी बाटली घेऊ नये. इंजिन उघडण्याची वेळ आली आहे असे समजावे.

इंजिन उघडून सफाई

हे काम अनुभवी मिस्त्रीकडून करवावे, पण मालकाने जवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात. हेड काढल्यावर पिस्टन वर आणून त्याच्या कडेला वंगणाची जाड रेघ द्यावी, म्हणजे सुटलेले कण रिंगांकडे न जाता तेथेच चिकटतात व नंतर पुसून घेता येतात. कीट रॉकेलने भिजवून मऊ करावे व बांबूच्या किंवा लाकडाच्या चपट्या पातीने खरडावे. बांबूची या जिल्ह्यांत वाण नाही. लोखंडी छिन्नीने पिस्टनच्या मऊ धातूवर ओरखडे पडतात व त्या ओरखड्यांतच पुन्हा कीट धरते. कोरडे कीट फुंकून उडवू नये. नाकातोंडावर फडके बांधावे. रिंगा चिकटल्या असतील तर पिस्टन बाहेर काढून खाचा साफ कराव्यात. नोझलचे टोक पितळी ब्रशने साफ करावे व त्याचा फवारा तपासणी-यंत्रावर पाहावा. तो धुक्यासारखा पडला पाहिजे, थेंब गळता कामा नये. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसते व ती जखम गंभीर ठरते. जोडताना नवे गॅस्केट घालावे आणि हेडचे नट समोरासमोरचे आळीपाळीने, दोनतीन टप्प्यांत आवळावेत. शेवटी व्हॉल्व्हमधील फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

या गोष्टी करू नयेत

चालू इंजिनाच्या हवेच्या तोंडात पाणी सोडून काजळी काढण्याचा उपाय काही जण सांगतात. पाणी दाबले जात नाही. ते जास्त शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो व इंजिन निकामी होते. त्याच तोंडात रॉकेल, पेट्रोल किंवा सफाईचा द्रव ओतणे तर त्याहून धोक्याचे. डिझेल इंजिन असा द्रव इंधन म्हणून जाळते आणि वेग आवरेनासा होतो. काढलेले जुने तेल व कीट बोडीत किंवा तलावात टाकू नये. ते पाणी धानाला, माशांना व गुरांना लागते.

सायलेन्सरमधील कीटाविषयी या जिल्ह्यांत विशेष जपले पाहिजे. भारावर चालणाऱ्या इंजिनातून सुटलेल्या कीटाच्या खपल्या कधी कधी धगधगत बाहेर पडतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. मोह वेचण्याच्या व तेंदूपाने तोडण्याच्या या दिवसांत जमिनीवर पानांचा वाळलेला थर असतो आणि एक ठिणगी पुरेशी होते. उन्हाळी धानाला पाणी देताना इंजिनाभोवतीची जागा झाडून स्वच्छ ठेवावी, सायलेन्सरचे तोंड जंगलाकडे करू नये व ठिणग्या अडविणारी जाळी बसवावी. सायलेन्सर आगीत घालून साफ करण्याची रीत जंगलालगत मुळीच पाळू नये.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामकार्यकर्त्यांनी मृगापूर्वी, रोवणीची घाई सुरू होण्याआधी, गावातील तेल-इंजिनांची यादी करावी. एखाद्या शेतकऱ्याच्या बोडीवर सर्वांना जमवून पिंपाचे व अर्ध्या लिटरचे माप करून दाखवावे, फिल्टर साफ करून पुन्हा माप घ्यावे. डोळ्यांनी पाहिलेला फरक दहा व्याख्यानांहून अधिक पटतो. प्रत्येक मालकाने इंजिन किती तास चालले, वंगण केव्हा बदलले, फिल्टर केव्हा धुतला याची नोंद एका वहीत ठेवावी. कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या मिस्त्रीकडे जाताना ही वही बरोबर न्यावी.

थोडक्यात सांगावयाचे तर, बाटलीतील औषध अगदीच निरुपयोगी नाही, परंतु ते नोझलपुरते आहे. स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, ताजे वंगण, योग्य भार व योग्य उष्णता या पाच गोष्टी सांभाळल्या तर कीट फार जमतच नाही. हे काम मृगापूर्वी झाले असेल, तर हस्तात पावसाने पाठ फिरविली तरी बोडीतील पाणी बांधीत पोहोचेल.