जिंकलेलं शाबूत राहू दे

चि. बाळ,

सरपंचपदाची निवडणूक तू जिंकलास याचा मला फार आनंद झाला. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "काका, सध्या सुन त्झू वाचतोय. समोरच्या पॅनेलला आता पुन्हा उभंच राहू द्यायचं नाही." ते ऐकून मन अस्वस्थ झालं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि युद्धशास्त्रावरचं हे चिनी पुस्तक कितीदा तरी वाचलं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पुस्तक तेरा छोट्या प्रकरणांचं. १९७२ साली चीनच्या शांतुंग प्रांतात लिनयी इथे, हान काळातल्या थडग्यांत, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली त्याची प्रत सापडली. दोन हजारांहून जास्त वर्षं राजे आणि सेनापती ते वाचत आले आहेत. शत्रूला चकवा कसा द्यावा, हा त्यातला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. तुझ्याही राहिला असेल. पण पुस्तकाची सुरुवात कुठून होते ते पुन्हा बघ. युद्ध म्हणजे राज्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न, त्यात हात घालण्याआधी शंभरदा विचार करावा, या धाकाने ते सुरू होतं. लाखाची फौज बाहेर पडली की सात लाख कुटुंबांची शेती खोळंबते, असा हिशेब लेखक मांडतो. ज्याच्या डोळ्यांसमोर पडीक रानं आहेत, तोच असं लिहू शकतो.

म्हणूनच शत्रूचं राज्य अखंड हाती येणं त्याला सर्वांत मोलाचं वाटतं. मोडूनतोडून मिळवलेलं राज्य त्याच्या लेखी दुय्यम. पकडलेल्या सैनिकांना नीट वागवा, घेरलेल्या शत्रूला एक वाट मोकळी ठेवा, असं तो बजावतो. रागाच्या भरात फौज काढू नका, असंही सांगतो. राग ओसरून माणूस पुन्हा हसू शकतो, पण बुडालेलं राज्य परत येत नाही आणि मेलेली माणसं उठत नाहीत.

हे न मानल्याने काय होतं, ते इ. स. पू. २६०च्या चांगपिंगच्या लढाईत दिसतं. छिन आणि झाओ ही दोन बलाढ्य राज्यं समोरासमोर उभी होती. झाओचा म्हातारा सेनापती लिआन पो तटबंदीआड धीर धरून बसला होता. छिनच्या हेरांनी आवई उठवली की छिनला धास्ती आहे ती फक्त झाओ ख्वोची. झाओच्या राजाने ती खरी मानली आणि लिआन पोला हटवून या तरुणाला नेमलं.

झाओ ख्वोचा बाप नावाजलेला सेनापती होता. मुलाला युद्धशास्त्र तोंडपाठ होतं, वादात बापालाही तो हार जात नसे. तरी बापाने त्याला कधी शाबासकी दिली नाही. जिथे माणसं मरतात त्या गोष्टीबद्दल हा इतक्या सहज बोलतो, याचंच बापाला भय होतं. नेमणूक झाल्यावर आईने राजाला कळवलं, याला पाठवू नका. तिचं कारण तू मनात कोरून ठेव. नवऱ्याला राजाकडून जे इनाम मिळे ते तो आपल्या माणसांत वाटून टाकी, आणि कामगिरीवर नेमल्या दिवसापासून घरच्या व्यवहारात लक्ष घालत नसे. मुलाने मिळालेलं सोनं घरी आणून ठेवलं आणि कुठे चांगली जमीन विकाऊ आहे याची चौकशी सुरू केली.

राजाने ऐकलं नाही. झाओ ख्वो तटबंदी सोडून चाल करून गेला आणि छिनचा सेनापती बाय छी याच्या वेढ्यात सापडला. सेहेचाळीस दिवस फौजेला अन्न मिळालं नाही. शेवटी झाओ ख्वो बाणाने पडला आणि फौज शरण आली. शरण आलेल्या चार लाख लोकांना बाय छीने मारलं, अशी नोंद सिमा छिएन या इतिहासकाराने केली आहे. वयाने लहान अशी दोनशे चाळीस मुलं तेवढी परत पाठवली, घरोघर धाक बसावा म्हणून.

धाक बसला, पण त्यातून काय पिकलं? पुढे छिनने झाओच्या राजधानीला वेढा घातला तेव्हा शरण गेल्यावर काय होतं हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. ते चिवटपणे लढले, शेजारची राज्यं मदतीला धावली आणि छिनला माघार घ्यावी लागली. बाय छीवर त्याच्याच राजाची मर्जी फिरली. आत्महत्येची आज्ञा आली तेव्हा चांगपिंगला शरण आलेल्यांना मारलं, त्यासाठी हे मरण मला योग्यच आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

छिनने इ. स. पू. २२१मध्ये सगळा चीन जिंकला आणि अवघ्या पंधरा वर्षांत ती राजवट संपली. तिच्यामागून आलेल्या हान सम्राट लियू बांगला लू जिया नावाच्या पंडिताने विचारलं होतं की राज्य घोड्यावर बसून मिळवलंत, पण ते घोड्यावरूनच चालवता येईल का? सम्राटाला प्रश्न झोंबला, पण त्याने अपमान मानला नाही. छिन का बुडालं ते मला लिहून दे, असं त्याने त्यालाच सांगितलं. हान घराणं मधल्या एका खंडासह चारशे वर्षं टिकलं.

बाळा, तुझी निवडणूक संपली, आता घोड्यावरून उतर. समोरच्या पॅनेलला मत देणारी माणसं उद्याही तुझ्याच गावात राहणार, त्याच विहिरीवर आणि त्याच स्मशानात तुला भेटणार. त्यांच्यातल्या कुणाचं नाव घरकुलाच्या यादीतून सुडापोटी गाळू नकोस. ग्रामसभेत विरोधात बोलणाऱ्याला पुरतं बोलू दे. ती त्याची मोकळी ठेवलेली वाट आहे. ती बंद केलीस तर तो झाओच्या राजधानीसारखा लढेल. आणि पंचायतीत आलेला पैसा, आलेलं काम आधी कुणाच्या दारात जातं, यावर नजर ठेव. गावातल्या आयाबाया झाओ ख्वोच्या आईसारख्याच नीट बघत असतात.

समोरच्या पॅनेलला मत देणाऱ्यांच्या वाडीतली पाण्याची लाइन कित्येक दिवस अडली आहे, असं तूच मला सांगितलं होतंस. पहिल्या सभेत तोच विषय घे. तिथल्या नळाला पाणी आलं की मला कळव. त्या दिवशी मी तुझ्या विजयाचे पेढे वाटेन.

तुझा,
काका